शिक्षा संपल्यावर कोर्टाची देखरेख: आदेश कसा निघतो, अटी कशा लिहितात, आणि गाडी कुठे अडते?

पानगळ

तुलनात्मक दंडविधानावर टिपण करायचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००६ पासून एक कायदा आहे. गंभीर लैंगिक गुन्ह्याची, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर गंभीर हिंसक गुन्ह्याचीही, शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसावर कोर्ट त्या कायद्याने पुढे देखरेख ठेवू शकतं. न्यूझीलंड, कॅनडा, जर्मनीतही याच धर्तीच्या तरतुदी आहेत. कलमं वाचली, पण प्रत्यक्षात काम कसं चालतं ते त्यावरून उमगत नाही. अडलेलं असं:

अर्ज कोण आणि कधी करतं? कोर्टापुढे नेमकं काय सिद्ध करावं लागतं? "अस्वीकार्य धोका" हे शब्द फार सैल वाटतात.

तज्ज्ञांच्या अहवालात "स्टॅटिक-९९आर: गुण ६" असं असतं (स्टॅटिक-९९आर म्हणजे पुन्हा लैंगिक गुन्ह्याचा धोका मोजायचं कोष्टक). म्हणजे हा माणूस पुन्हा गुन्हा करणारच, असं समजायचं का?

घोट्याला जीपीएस पट्टा बांधल्यावर बाकीच्या चाळीस अटी कशाला?

शिक्षा भोगून झाल्यावर पुन्हा बंधन, ही त्याच गुन्ह्याची दुसरी शिक्षा नाही का? आणि भारतात याच्या जवळचं काही आहे का?

खटलेवाचन

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

हा फौजदारी खटला नाही. ही कार्यवाही दिवाणी स्वरूपाची आहे, असं त्या कायद्यातच म्हटलंय. अर्जदार राज्य सरकार असतं आणि अर्ज राज्याच्या सुप्रीम कोर्टात जातो. (तिकडे नावं उलटी आहेत. राज्याचं वरचं न्यायालय ते सुप्रीम कोर्ट, आणि देशाचं सर्वोच्च ते हायकोर्ट. निकाल वाचताना हे विसरलं की सगळा गोंधळ होतो.)

वेळ फार महत्त्वाची. चालू कैद किंवा चालू देखरेख संपायच्या आधीच्या ९ महिन्यांतच अर्ज करता येतो. त्याआधी केला तर चालत नाही. आणि मुदत उलटून गेली तर माणूस मोकळा झालेला असतो, त्याच्यावर अर्जच करता येत नाही. म्हणून फाइल जुळवायचं काम अर्जाच्या बरंच आधी सुरू करावं लागतं: तुरुंगातल्या उपचार कार्यक्रमांच्या नोंदी, शिस्तभंगाच्या नोंदी, आधीच्या पॅरोलवर कसा वागला त्याचे कागद, जुन्या शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी काढलेले निष्कर्ष. सोबत मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडावाच लागतो.

अर्ज दाखल झाला की दोन कामकाजी दिवसांत तो त्या माणसाच्या हातात पडायला हवा आणि २८ दिवसांत प्राथमिक सुनावणी. इथे कोर्ट खरंखोटं तपासत नाही. राज्याने जे म्हटलंय ते सिद्ध झालं असं धरलं तर आदेश द्यावा लागेल का, एवढंच बघतं. उत्तर "नाही" आलं तर अर्ज तिथेच फेटाळला जातो. "हो" आलं तर कोर्ट स्वतः दोन तज्ज्ञ नेमतं: दोन मानसोपचारतज्ज्ञ, दोन मानसशास्त्रज्ञ किंवा दोन्हींतला एकेक. दोघं वेगवेगळे भेटतात आणि वेगवेगळे अहवाल देतात. मग अंतिम सुनावणी.

मधल्या काळात शिक्षा संपत असेल तर अंतरिम देखरेख आदेश निघतो. तो एका वेळी २८ दिवसांचा, आणि वाढवत नेला तरी एकूण ३ महिन्यांच्या पुढे नाही. घोळ होतो तो इथे. तज्ज्ञांच्या तारखा, अहवालाला लागणारे आठवडे, बचावपक्षाला तो वाचायला हवा तो वेळ, कोर्टाची तारीख, यांत ३ महिने बघता बघता सरतात. म्हणून सुटकेच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. अंतिम सुनावणी सुटकेआधी उरकायची असेल तर ९ महिन्यांची खिडकी उघडल्या-उघडल्या अर्ज गेलेला बरा.

आता "अस्वीकार्य धोका". कसोटी अशी: देखरेख नसेल तर हा माणूस आणखी एक गंभीर गुन्हा करण्याचा अस्वीकार्य धोका आहे, याची कोर्टाला *उच्च दर्जाच्या संभाव्यतेने* खात्री पटली पाहिजे. वाक्य दोनदा वाचा. उच्च दर्जाची खात्री हवी ती *धोका अस्तित्वात आहे* याची. *गुन्हा घडेल* याची नाही. गुन्हा घडण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त असायला हवी असं नाही, हे कायद्याने वेगळ्या कलमात स्पष्ट केलंय. त्यामुळे लहान मुलावर अत्याचाराची शक्यता निम्म्याहून बरीच कमी असली तरी कोर्ट ती अस्वीकार्य ठरवू शकतं, कारण घडलं तर होणारं नुकसान भरून न येणारं असतं. उलट तोच माणूस पुन्हा चोरी करेल हे जवळजवळ नक्की असलं तरी उपयोग नाही. चोरी हा त्या व्याख्येतला गंभीर गुन्हाच नव्हे.

"देखरेख नसेल तर" हे शब्दही बारकाईने घ्या. बचावपक्षाचा चांगला वकील इथेच बोट ठेवतो. या माणसाच्या बाबतीत देखरेखीने नेमकं काय बदलणार आहे? धोका दारूच्या नशेत वाढतो की एकटेपणात, अनोळखी लोकांपासून आहे की घरातल्यांपासून, आणि मागितलेली अट त्या वाटेत आडवी येते का? याचं उत्तर नसलेला अर्ज कितीही जाड असला तरी कच्चा.

समाजाची सुरक्षितता हा सर्वोच्च विचार, असं कायदा सांगतो. आदेशाची मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. नंतर पुन्हा नवा अर्ज करता येतो, पण सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. न्यूझीलंडमध्ये कमाल मुदत १० वर्षं आहे, ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्याच्या २०१८ च्या कायद्यात १५. कॅनडाची दीर्घकालीन देखरेखही १० वर्षांपर्यंतची, पण तिचा निर्णय शिक्षा सुनावतानाच होतो. हा फरक मोठा आहे. तिथे माणूस आत जाताना त्याला बाहेरचं वेळापत्रकही ठाऊक असतं. न्यू साउथ वेल्समध्ये ते सुटकेच्या तोंडावर कळतं, आणि त्या शेवटच्या महिन्यांत बरेच जण उपचारातून मन काढून घेतात.

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच आहे. पण ते का, हे समजल्याशिवाय हे अहवाल वाचू नयेत.

स्टॅटिक-९९आर म्हणजे दहा बाबींचं कोष्टक. सुटकेच्या वेळचं वय. जोडीदारासोबत सलग दोन वर्षं राहिलाय का. चालू प्रकरणात लैंगिक नसलेल्या हिंसेचीही शिक्षा आहे का, तशी आधी होती का. आधीचे लैंगिक गुन्हे किती. याआधी किती वेळा शिक्षा सुनावली गेली. स्पर्शाविना केलेल्या लैंगिक गुन्ह्याची शिक्षा आहे का. पीडितांमध्ये नात्याबाहेरचं कोणी, अनोळखी कोणी, पुरुष किंवा मुलगा कोणी आहे का. आधीच्या लैंगिक गुन्ह्यांना ० ते ३ गुण, वयाला +१ ते −३, बाकी प्रत्येकाला ० किंवा १. बेरीज −३ ते १२ यांच्यामध्ये येते. १ ते ३ म्हणजे सरासरी गट, ४-५ सरासरीहून वरचा, ६ आणि पुढे सरासरीहून बराच वरचा.

हे कोष्टक लैंगिक गुन्हा केलेल्या प्रौढ पुरुषांसाठी आहे. स्त्रियांना ते लावायचं नाही. ज्याने फक्त मारहाण किंवा खून केलाय त्यालाही नाही. हिंसेसाठी एचसीआर-२० सारखी वेगळी साधनं आहेत.

गुण देताना होणाऱ्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, "आधीचे गुन्हे" मोजताना चालू प्रकरणातलेच जास्तीचे आरोप मोजले जातात. एकाच खटल्यात पाच पीडित असले तरी ते सगळं चालू प्रकरण. "आधीचा" म्हणजे आरोप किंवा शिक्षा होऊनही नंतर जो पुन्हा गुन्ह्याकडे वळला, त्याचा त्यापूर्वीचा गुन्हा. इथे एका चुकीने तीन गुण वाढू शकतात. दुसरी चूक वयाची. शिक्षेच्या दिवशीचं वय धरायचं नाही, समाजात परतण्याच्या दिवशीचं धरायचं. ३९ व्या वर्षी सुटणाऱ्याला वयाचे ० गुण, ४० पूर्ण झाल्यावर −१, ६० पूर्ण झाल्यावर −३. माणूस तोच, गुन्हे तेच, पण गट बदलतो. अंतिम सुनावणी लांबली आणि मधल्या काळात वाढदिवस आला तर जुना गुण तसाच वापरता येत नाही.

आता गुणाचा अर्थ. तो गटाबद्दल बोलतो. "याच गुणांच्या शंभर माणसांपैकी इतके जण अमुक वर्षांत पुन्हा पकडले गेले", एवढंच त्याचं म्हणणं. समोरचा माणूस त्या शंभरातला कुठला, हे कोष्टकाला माहीत नसतं. या साधनाची अचूकता साधारण ०.७० सांगितली जाते, आणि तिचा चुकीचा अर्थ सर्रास घेतला जातो. पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक अशी जोडी घेतली, तर शंभरातल्या साधारण सत्तर जोड्यांत पहिल्याचे गुण जास्त निघतात. "सत्तर टक्के खात्री" असा अर्थ त्यातून निघत नाही.

कागदावर करून बघा. समजा शंभर माणसं आहेत आणि त्यातली वीस पुन्हा गुन्हा करणार आहेत. चाचणी करणाऱ्यांतल्या ७० टक्क्यांना बरोबर ओळखते आणि न करणाऱ्यांतल्याही ७० टक्क्यांना बरोबर ओळखते. विसातले चौदा पकडले, सहा सुटले. ऐंशीतले छप्पन्न बरोबर बाजूला काढले, चोवीस उगाच अडकले. म्हणजे "धोकादायक" शिक्का बसलेले एकूण अडतीस, त्यातले खरे चौदा. दर तिघांत दोघं चुकीचे. आकडे इथे उदाहरणापुरते आहेत, पण मूळ प्रमाण जितकं कमी तितके उगाच अडकणारे जास्त, हा नियम चुकत नाही. म्हणूनच चांगला तज्ज्ञ गुणावर थांबत नाही.

दुसरी अडचण नावातच आहे: "स्टॅटिक". दहापैकी एकही बाब उपचाराने बदलण्यासारखी नाही, वयही बदलतं ते फक्त काळाने. म्हणून सोबत बदलणाऱ्या घटकांचं साधन वापरतात. स्टेबल-२००७ मध्ये १३ बाबी आहेत (जवळचे लोक कोण, रागावर ताबा, एकटेपण, देखरेखीला साथ देतो का असं), आणि अॅक्यूट-२००७ मध्ये ७, ज्या दर भेटीत पाहायच्या असतात. आदेशाच्या अटी या दुसऱ्या यादीवरून निघाल्या पाहिजेत. पहिल्या कोष्टकावरून फक्त देखरेख किती घट्ट हवी ते ठरतं.

एक निष्कर्ष प्रत्येक नूतनीकरणाच्या अर्जात यायला हवा. हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २१ नमुन्यांतल्या ७,७४० लैंगिक गुन्हेगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुटकेच्या वेळी जास्त धोक्याच्या गटात पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्के होतं. त्याच गटातले जे दहा वर्षं बाहेर राहून गुन्ह्याविना राहिले, त्यांचं पुढच्या काळातलं प्रमाण ४.२ टक्के. म्हणजे सुटकेच्या दिवशीचा गुण कायमचा चिकटवून ठेवणं चूक आहे. मात्र ही वर्षं *समाजात* काढलेली हवीत. तुरुंगातल्या दहा वर्षांना तो हिशेब लागू होत नाही.

पानगळ

खटलेवाचन, मोजपट्टी, दोघांचे आभार. जोड्यांचं उदाहरण मी आजवर चुकीचंच समजत होतो. आता अटींबद्दल कोणी सांगेल का? एका आदेशात पन्नासच्या आसपास अटी पाहिल्या. एवढ्या पाळणं माणसाला शक्य असतं?

उंबरठा

पाळणं कठीणच असतं, आणि ते आधी मान्य करून मसुदा करावा लागतो. अटीचा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कमाल ५ वर्षं कैद, न्यूझीलंडमध्ये २, जर्मनीत ३, कॅनडात दीर्घकालीन देखरेखीच्या भंगाला १०. त्यामुळे आदेशात जास्तीची टाकलेली प्रत्येक अट म्हणजे त्या माणसासाठी तयार केलेला एक नवा गुन्हा असतो. बाकी कोणी तेच केलं तर गुन्हा नाही: उशिरा घरी येणं, फोन बदलणं, ठरल्यापेक्षा वेगळ्या दुकानात जाणं. मसुदा करणाऱ्याने प्रत्येक अटीपुढे स्वतःला विचारावं, ही अट याच्या कुठल्या गुन्ह्याची वाट अडवते? उत्तर नसेल तर खोडावी.

एक अट जवळून बघू. पहिल्या मसुद्यात बहुतेक वेळा असं असतं: "मुलांचा वावर असलेल्या ठिकाणी जाऊ नये." बसमध्ये मुलं असतात, दवाखान्यात असतात, बाजारात असतात. ही अट पहिल्याच दिवशी मोडते, आणि अधिकारी ती मोडलेली बघूनही सोडून देतो. पुढे खरंच गंभीर काही घडलं की बचावपक्ष विचारतो, इतके दिवस चालत होतं ना? त्याऐवजी असं लिहावं: "देखरेख अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय शाळा, पाळणाघर, मुलांचं खेळाचं मैदान आणि सार्वजनिक जलतरण तलाव यांच्या आवारात जाऊ नये, किंवा त्यांच्या कुंपणापासून ५० मीटरच्या आत थांबू नये. रस्त्याने न थांबता पुढे जाणं हा भंग नाही." ठिकाणं मोजता येतात, अंतर मोजता येतं, परवानगी कोणाची ते कळतं, आणि बसने जाणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही.

आठवड्याचं वेळापत्रक ही सगळ्यात जाचक आणि सगळ्यात उपयोगी अट. न्यू साउथ वेल्समधल्या आदेशांत ती साधारण अशी असते: पुढच्या आठवड्यात कुठे, कधी, कशाने जाणार हे आठवडा सुरू व्हायच्या ३ दिवस आधी लिहून द्यायचं, आणि बदल हवा असेल तर २४ तास आधी विचारायचं. इथे घोटाळा होतो तो आयुष्य २४ तास आधी सांगून येत नाही म्हणून. दात दुखतो, कामावर जादा पाळी लागते, बस चुकते. उपाय दोन. एक, वैद्यकीय आणीबाणी आणि कामाच्या वेळेतला बदल यांना आदेशातच "कळवलं की पुरे" अशी सूट. दोन, कळवण्यासाठी एकच क्रमांक, चोवीस तास उचलला जाणारा, आणि मिळालेलं उत्तर लेखी. तोंडी "जा, हरकत नाही" यावरून झालेले वाद कोर्टात दोन्ही बाजूंना महागात पडतात.

आता जीपीएस. पट्टा सांगतो *कुठे*. *काय करतोय* आणि *कोणासोबत*, हे सांगत नाही. ज्याचे गुन्हे स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या घरात झाले, त्याच्या बाबतीत पट्टा दिवसभर "घरीच आहे" असं दाखवेल, आणि धोका तिथेच असेल. अनोळखी पीडित शोधत फिरणाऱ्यासाठी किंवा विशिष्ट व्यक्तीपासून दूर ठेवण्यासाठी मात्र तो खरोखर कामाचा.

तांत्रिक बाजू: मोकळ्या जागेत स्थान काही मीटरच्या फरकाने मिळतं. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवरून परावर्तित होतो आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. तळघरात, मोठ्या दुकानाच्या आत, लोखंडी पत्र्याखाली ठिपका हरवतोच. म्हणून निषिद्ध क्षेत्राची रेघ नेमक्या कुंपणावर काढू नये. आतलं क्षेत्र जिथे शिरलं की भंग, आणि त्याभोवतीचा भाग जिथे शिरलं की फक्त इशारा, अशा दोन रेघा हव्यात. मोठा रस्ता किंवा रेल्वेमार्ग त्या भागातून जातोय का ते नकाशावर आधी बघावं, नाहीतर रोज सकाळ-संध्याकाळ खोटे इशारे येतात.

इशारे मुख्यतः चार प्रकारचे: पट्टा कापला किंवा ताणला, बॅटरी उतरली, सिग्नल नाही, क्षेत्रात शिरला. पहिला आणि शेवटचा तातडीचे. मधले दोन रोजचे, आणि माणसं त्यातच दमतात. चार्जिंगला रोज साधारण दोन तास लागतात, त्या वेळात माणूस भिंतीशी बांधल्यासारखा. ज्याच्याकडे नियमित वीज आणि स्वतःची खोली नाही त्याच्या बॅटरीचे इशारे येतच राहणार, आणि त्यात वाईट हेतू नसतो. म्हणून आदेश अमलात येण्याआधी एक साधा कागद हवा: कुठल्या इशाऱ्याला किती मिनिटांत कोण फोन करणार, फोन उचलला नाही तर कोण जाणार, पोलिसांना कधी सांगायचं. रात्री दोन वाजता इशारा बघणारं कोणी नसेल तर पट्टा फक्त नंतर पुरावा देतो, काही थांबवत नाही.

इंटरनेट पूर्ण बंद ही अट टिकत नाही. बँक, नोकरीचे अर्ज, सरकारी मदत सगळं त्यावर. टिकतं ते असं: उपकरणांची यादी, प्रत्येक खात्याचं नाव आणि पासवर्ड, न सांगता तपासणी, इतिहास पुसण्याला बंदी. "इतिहास पुसू नये" हे वेगळं लिहावं लागतं, नाहीतर फोन रिकामा सापडतो आणि भंग कशाचा ते दाखवता येत नाही.

आणि राहायची जागा. आदेश फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, असं माझं ठाम मत आहे. निषिद्ध क्षेत्रं आखून झाल्यावर नकाशावर राहायला जागाच उरत नाही, घरमालक पट्टा बघून दार लावतो, मग माणूस शहराबाहेर, कामापासून आणि उपचारापासून दूर जातो. व्हिक्टोरियात अरारतच्या तुरुंगालगत कोरेला प्लेस नावाची निवासव्यवस्था आहे. तिथे छप्पर मिळतं, पण समाजात राहायची सवय मिळत नाही. अटी ठरवायच्या आधी पत्ता ठरवा. पत्त्यावरून क्षेत्रं, क्षेत्रांवरून वेळापत्रक. उलट क्रमाने केलेलं बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच मोडतं.

रातराणी

उंबरठा, निषिद्ध क्षेत्राबद्दल एक भर, आणि ही फार गंभीर आहे. पीडितेच्या घराभोवती बरोबर गोल वर्तुळ काढलं तर गुन्हेगाराला तिचा पत्ता कळतो. वर्तुळाचा मध्य म्हणजे तिचं दार. ती सुटकेच्या आधी घर बदलून गेली असेल तर आदेशच तिला शोधून देतो. म्हणून क्षेत्र वेडंवाकडं, मध्य सरकवलेला, शक्यतो अख्खं उपनगर किंवा दोन रस्त्यांमधला पूर्ण भाग असा घ्यावा. तिने घर बदललं तर आदेशाचा नकाशा कोण बदलणार, किती दिवसांत, हेही ठरलेलं हवं. न्यू साउथ वेल्समध्ये पीडितेला कोर्टापुढे निवेदन देता येतं. तिला फक्त "तुम्हाला काय वाटतं" असं विचारू नये. ती रोज कुठल्या वाटेने जाते, मुलं कुठे शिकतात, आठवड्यातून कुठे जावंच लागतं, हे शांतपणे विचारून घ्यावं. आणि ती माहिती प्रतिवादीला मिळणाऱ्या प्रतीत जशीच्या तशी जाऊ देऊ नये.

कलमशोध

दुसऱ्या शिक्षेच्या प्रश्नावर. न्यायालयं इथे एकमताची नाहीत, म्हणून कुठलंही एक वाक्य उद्धृत करून मोकळं होऊ नका.

१९९४ मध्ये न्यू साउथ वेल्सने एका विशिष्ट कैद्याला आत ठेवण्यासाठीच कायदा केला होता. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९९६ मध्ये केबल प्रकरणात तो रद्द केला. न्यायालयाला सरकारच्या योजनेचं हत्यार बनवता येणार नाही, असा त्याचा गाभा. मग क्वीन्सलंड राज्याने २००३ मध्ये शिक्षेनंतरच्या कैदेसाठी सर्वांना लागू होणारा, पुरावा आणि सुनावणी असलेला कायदा केला, आणि २००४ मध्ये फार्डन प्रकरणात तो टिकला: हेतू समाजाचं रक्षण, शिक्षा नव्हे. पण त्याच माणसाच्या तक्रारीवर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने शिक्षा संपल्यावरची ती कैद मनमानी ठरवली. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही डिसेंबर २००९ मध्ये जर्मनीच्या पूर्वलक्षी प्रतिबंधक कैदेला शिक्षाच म्हटलं. जर्मनीत बाहेरच्या देखरेखीवर भर वाढला आणि २०११ पासून इलेक्ट्रॉनिक पट्टा आला, त्यामागे हा निकाल आहे.

वरची प्रकरणं *कैदेची* आहेत. बाहेरच्या *देखरेखीवर* थेट बोट ठेवलं ते न्यूझीलंडमध्ये: चिसनॉल प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये विस्तारित देखरेख आदेशही दुसऱ्या शिक्षेविरुद्धच्या हक्काशी विसंगत ठरवले. माझ्या मते लेबलापेक्षा अटींचं वजन बघावं. महिन्यातून दोन भेटी ही देखरेख. चोवीस तास सोबत माणूस आणि बाहेरून कुलूप असेल तर ती कैद, नाव काहीही द्या.

भारताबद्दल थोडक्यात. सगळ्यात जवळचं म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९४, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५६. ३ वर्षं किंवा जास्त कैदेच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला कोर्ट शिक्षा सुनावतानाच आदेश देऊ शकतं, की सुटल्यावर ५ वर्षांपर्यंत राहण्याचा पत्ता आणि त्यातला बदल कळवत राहा. हा पत्ता कळवण्याचा आदेश आहे. उपचार, वेळापत्रक, पट्टा यांतलं त्यात काही नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याखालची तडीपारी (कमाल २ वर्षं) आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड (कमाल ३ वर्षं) हे प्रशासकीय किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचे आदेश. तडीपारीत तर माणसाला हद्दीबाहेर काढतात, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या पोलीस ठाण्यापासूनच दूर. देखरेखीच्या नेमकं उलट. टिपणात या तिन्हींना एका रकान्यात घालू नका.

मोजपट्टी

उंबरठा यांच्या जागेच्या मुद्द्याला जोडून. पट्ट्याला पर्याय म्हणून नव्हे, पण सोबत म्हणून कॅनडात १९९४ मध्ये सुरू झालेली "आधार आणि जबाबदारीची मंडळं" पाहा. सुटलेल्या एका माणसाभोवती चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक असतात, आठवड्याला भेटतात, बँकेत सोबत जातात, आणि तो लपवाछपवी करायला लागला की तोंडावर विचारतात. एकटेपण आणि जवळच्या लोकांचा अभाव या स्टेबल-२००७ च्या बाबी आहेत, त्यांना हात घालणारी अट आदेशात क्वचितच दिसते.

उंबरठा

बरोबर. आणि आदेशाचं शेवटचं वर्ष आत्ताच आखा. न्यू साउथ वेल्समध्ये दर १२ महिन्यांच्या आत त्या माणसाबद्दल अहवाल द्यावा लागतो, त्याच वेळी अटी सैल करायचा अर्जही विचारात घ्यावा: आधी रात्रीची घरबंदी कमी, मग वेळापत्रक आठवड्याऐवजी फक्त दूरच्या प्रवासापुरतं, मग पट्टा, आणि सगळ्यात शेवटी भेटी. एका वेळी एकच अट काढायची आणि तीन-चार महिने बघायचं, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं. पाच वर्षं पन्नास अटी आणि दुसऱ्या दिवशी शून्य, असं झालं तर राज्याकडे दाखवायला एकही निरीक्षण नसतं, आणि त्या माणसाने स्वतःहून एक संध्याकाळही ठरवलेली नसते.